समुद्रकाठचे हॉटेल आणि उतारवयातील भागीदारी

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही समुद्रकाठच्या हॉटेलाचा विषय आम्ही या पानावर घेत आहोत, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आपल्या मराठवाड्यातून जी माणसे नोकरीसाठी आखातात गेली, त्यांची तेथे कोकणातील माणसांशी गाठ पडली. एका खोलीत सहा-आठ जण, एका शेगडीवर स्वयंपाक, आळीपाळीने भांडी, असा पंधरा-वीस वर्षांचा सहवास घडला. अशा खोलीत सुट्टीच्या शुक्रवारी एक बेत हमखास होतो. परत गेल्यावर तिघा-चौघांनी मिळून हॉटेल काढायचे. जागा कोकणवाल्याच्या गावातली, मसाला मराठवाड्याचा आणि समोर समुद्र. पुढे साठी जवळ येते, कंपनी हिशेब चुकता करते आणि बेत खरा करण्याची वेळ येते.

आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. हा बेत वाईट नाही. माणसे कष्टाळू आहेत, एकमेकांना ओळखतात, खाणे-खिलवणे त्यांना आवडते. परंतु अशी हॉटेले जेव्हा अडचणीत येतात, तेव्हा त्याचे कारण बहुधा स्वयंपाकघरात सापडत नाही. ते पहिल्या दिवशी न लिहिलेल्या कागदात आणि न मांडलेल्या बारा महिन्यांच्या हिशेबात सापडते. आणि जे बुडते ती केवळ दुकानदारी नसते, ती आयुष्याची कमाई असते. पंचविशीतला माणूस बुडाला तर पुन्हा उभा राहतो. साठीतल्या माणसाला दुसरी संधी क्वचितच मिळते.

हातात काय येते?

आखातातून परतणाऱ्याला लोक श्रीमंत समजतात. प्रत्यक्ष स्थिती वेगळी आहे. आपल्याकडील सरकारी नोकराप्रमाणे त्याला दरमहा पेन्शन नसते. नोकरी संपताना एकरकमी उपदान मिळते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचा पगार असा हिशेब आहे, तोही फक्त मूळ पगारावर. भत्ते त्यात धरत नाहीत. वीस वर्षे नोकरी झाली तर ५५५ दिवस, म्हणजे साडेअठरा महिन्यांचा मूळ पगार. घर बांधले, मुलींची लग्ने झाली, भावाला दुकान टाकून दिले, हे सर्व आधीच झालेले असते. आता जी रक्कम हातात आहे तीच म्हातारपणाची पेन्शन, तीच आजारपणाची तरतूद. तीच हॉटेलच्या भट्टीत घालायची की नाही, हा खरा प्रश्न आहे.

परतणेही नेहमी ठरवून होते असे नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव वाढले आणि आखाताची दारे उघडली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना घाईघाईने विमानांनी परत आणावे लागले. अनेकजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. २०२० च्या साथीत तसेच झाले. ७ मे २०२० पासून 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुरू झाली आणि नोकरी गेलेली माणसे घरी आली. असा घाईत परतलेला माणूस घाईत धंदा शोधतो. घाईत शोधलेल्या धंद्यात हॉटेलचे नाव पहिले येते, कारण खाणे सर्वांना कळते असे वाटते. पण दहा मित्रांना शुक्रवारी बिर्याणी खिलवणे ही एक गोष्ट, आणि रोज सकाळी किती माणसे येतील हे ठाऊक नसताना मांस-मासळी घेऊन ठेवणे ही दुसरी. पहिल्यात उरलेले अन्न रात्री खाता येते. दुसऱ्यात उरलेले अन्न म्हणजे फेकून दिलेले पैसे.

समुद्राचे बारा महिने

समुद्रकाठचा धंदा आठ महिन्यांचा असतो, खर्च मात्र बारा महिन्यांचा. आपल्याकडे पाऊस आला की बाजारात आनंद होतो. कोकणच्या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत गिऱ्हाईक आटते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. म्हणजे जी ताजी मासळी खायला लोक येतात, तीच दोन महिने दुर्मिळ. खारी हवा पत्रा, पंखे, शीतकपाट, गॅसची शेगडी यांना खाते. नळदुर्ग किंवा उमरग्याच्या हॉटेलात जी शेगडी दहा वर्षे चालेल, ती तेथे तेवढी चालेल असे धरू नये.

त्यातून निसर्गाची अवकृपा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि उन्हाळ्याचा हंगाम बुडाला. मागोमाग ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या भागात नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरादारांचे आणि हॉटेलांचे पत्रे उडाले. सावरतात तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ आले. एका वर्षात गिऱ्हाईकही गेले आणि छप्परही गेले. असे वर्ष पुन्हा येणार नाही असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणून विमा हा चैनीचा खर्च नाही. आगीबरोबर वादळ आणि पूरही विम्यात धरले आहेत की नाहीत, हे वाचून मगच सही करावी.

जागेचाही प्रश्न असतो. भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या पट्ट्यातील बांधकामावर केंद्र सरकारने १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने बंधने घातली. २०११ आणि २०१९ मध्ये त्यांत बदल झाले, पण बंधने उठली नाहीत. समोर लाटा दिसतात म्हणून जागा पसंत पडते, आणि त्याच कारणाने तेथील बांधकाम अडचणीत असू शकते. अनामत देण्यापूर्वी बांधकामाची परवानगी, अकृषिक आदेश आणि सातबारा मागावा. "सगळ्यांचे असेच चालते" हे उत्तर मिळाले तर तेथून उठावे. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, हेही अजून आखातात असलेल्या भागीदाराने लक्षात ठेवावे.

एक हिशेब मांडून पाहू

आकड्यांशिवाय बोलणे व्यर्थ आहे. समजा, तिघांनी प्रत्येकी १० लाख घातले. एकूण ३० लाख. त्यातले २० लाख अनामत, दुरुस्ती, भट्टी, भांडीकुंडी, टेबल-खुर्च्या यांत गेले. १० लाख हाती राहिले. दरमहा भाडे ४० हजार, सहा नोकरांचा पगार ९० हजार, वीज-पाणी व किरकोळ दुरुस्ती २० हजार. म्हणजे शटर उघडा अथवा न उघडा, दीड लाख ठरलेला खर्च. विक्रीच्या प्रत्येक १०० रुपयांत ४५ रुपये किराणा, मांस-मासळी आणि गॅस यांत गेले असे धरू. ५५ उरले. तर दीड लाख भागवायला महिन्याला पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे रोज सुमारे नऊ हजार एकशे रुपयांची विक्री हवी. तेवढी झाल्यावरही फायदा शून्यच.

आता हॉटेल १ ऑक्टोबरला सुरू झाले. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, एप्रिल आणि मे हे पाच महिने जोराचे, विक्री साडेचार लाख. ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मार्च मध्यम, विक्री अडीच लाख. पावसाचे चार महिने, विक्री ६० हजार. जोराच्या महिन्यांत प्रत्येकी ९७,५०० उरतात. मध्यम महिन्यांत प्रत्येकी १२,५०० कमी पडतात. पावसाळ्यात दरमहा १ लाख १७ हजार कमी पडतात. वर्षाची बेरीज केली तर १८ हजार तोटा. साडेबत्तीस लाखांच्या आसपास विक्री करून हातात काही नाही!

हा हिशेब भागीदारांनी एक पैसाही न उचलता झाला. परंतु घर कशावर चालायचे? प्रत्येकाने दरमहा २० हजार उचलले तर मेअखेर हाती असलेल्या १० लाखांतले ९ लाख ७० हजार जसेच्या तसे दिसतात. सर्वांना वाटते, बरकत आहे. कोणी आणखी दोन टेबले आणण्याची भाषा करतो. मग चार महिन्यांत ७ लाख ८ हजार जातात आणि सप्टेंबरअखेर २ लाख ६२ हजार उरतात. सर्व तसेच चालू राहिले तर दुसऱ्या वर्षीच्या जुलैत हात रिकामे. तेव्हा कोणी म्हणतो आचारी खराब, कोणी म्हणतो गल्ल्यावर बसणारा बेपर्वा. आचारीही खराब नसतो आणि गल्लाही चोख असतो. पावसाळा कोणी मोजलेला नसतो, एवढेच.

हाच हिशेब पावसाळ्यात दोनच नोकर ठेवून केला तर चार महिन्यांत २ लाख ४० हजार वाचतात आणि वर्षाअखेर २ लाख २२ हजार फायदा दिसतो. प्रत्येकाला ७४ हजार, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या थोडे वर. हे या धंद्याचे खरे उत्पन्न. ते पाहून ज्याला परवडेल त्याने खुशाल उतरावे. मात्र नोकरांना हे पहिल्याच दिवशी सांगावे. आठ महिन्यांचे काम असे ठरवून घेतलेला माणूस पावसाळ्याची सोय आधी करून ठेवतो. जूनमध्ये अचानक "उद्यापासून येऊ नको" म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

कराचेही लक्षात ठेवावे. वर्षाची विक्री २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलला ५ टक्के कर आहे, पण भट्टी-फर्निचर घेताना भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर गल्ल्यात पडतो म्हणून तो आपला होत नाही. तो रोज वेगळा काढावा.

खोलीतली दोस्ती आणि कायदा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. "आम्ही वीस वर्षे एका ताटात जेवलो, आमच्यात कागद कशाला?" असे म्हटले जाते. आम्ही नम्रपणे विचारतो: त्या ताटात वाटून घ्यायला तोटा होता का? खोलीत प्रत्येकाचा पगार वेगळा होता. महिनाअखेर किराण्याची वर्गणी दिली की संबंध मोकळा. भागीदारीत तसे नसते.

१९३२ चा भारतीय भागीदारी कायदा अजून लागू आहे. कागद केला नाही तर हा कायदा आपल्या वतीने ठरवतो आणि तो जे ठरवतो ते पुष्कळांना ठाऊक नसते. कलम १३ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर नफा-तोटा समान वाटला जातो. एकाने १५ लाख घातले आणि दुसऱ्याने ५ लाख, तरीही समान. धंद्यात राबल्याबद्दल भागीदाराला पगार मिळत नाही. पहाटे बंदरावर जाऊन मासळी घेणारा आणि धाराशिवला घरी बसलेला, दोघे सारखेच. भांडणाचे पहिले बी येथे पडते. राबणाऱ्याला वाटते, मी नोकर झालो. घरी बसलेल्याला वाटते, माझे पैसे हा वापरतो. दोघांचेही खरे असते. म्हणून राबणाऱ्याची मजुरी वेगळी आणि भांडवलाचा नफा वेगळा असे कागदावर लिहावे. प्राप्तिकरातही भागीदाराचे वेतन करारनाम्यात असेल तरच खर्चात धरले जाते.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम एखाद्याने धंद्याला दिली तर त्यावर द.सा.द.शे. ६ टक्के व्याज कायदा धरतो. ज्यांना व्याज घ्यायचे-द्यायचे नाही, त्यांनी तसे करारनाम्यात स्पष्ट लिहावे. मनात असून उपयोग नाही.

कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. किनाऱ्यावरच्या किराणा दुकानदाराची उधारी थकली तर तो सर्व रक्कम एकट्या धाराशिवच्या भागीदाराकडून मागू शकतो, आणि तेथे राहते घरही सुरक्षित राहत नाही. जबाबदारी भांडवलापुरतीच हवी असेल तर २००८ च्या कायद्याखाली मर्यादित दायित्वाची भागीदारी करता येते. तिची कागदपत्रे दरवर्षी भरावी लागतात, खर्च थोडा वाढतो. आणि साधी भागीदारी असली तरी ती नोंदवावी. कलम ६९ प्रमाणे न नोंदलेल्या फर्मला बाहेरच्यावर कराराचा दावा लावता येत नाही, बाहेरचा मात्र तिच्यावर लावू शकतो.

कुरआनातील सूरह बकराची २८२ वी आयत आपण सर्वजण जाणतो. ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे आणि तिचा विषय मुदतीचे देणेघेणे साक्षीदारांसमोर लिहून ठेवणे हा आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला तिने सवलत दिली आहे. तिघांनी उरलेले आयुष्य एकत्र बांधणे हा काही हातोहात होणारा सौदा नव्हे. तेव्हा कागद करणे म्हणजे अविश्वास, हा समज आम्हाला पटत नाही. कागदाने दोस्ती टिकते.

बाहेर पडण्याचा रस्ता

करारनामा करणारेही एक गोष्ट बहुधा विसरतात. धंदा कसा सुरू करायचा हे चार पाने लिहितात. कसा थांबवायचा याची एक ओळ नसते. उतारवयातील भागीदारीत तीच ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. कलम ४२ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. भागीदार साठी-पासष्टीचे असतील तर हा दूरचा विचार नाही. मयताचा हिस्सा पत्नी, मुलगे, मुली यांच्यात वाटला जायचा असतो. तो हिस्सा म्हणजे किती? जुनी भट्टी, गंजलेले शीतकपाट आणि अनामत यांची किंमत कोण करणार? शोकाच्या घरात हा प्रश्न निघाला की वीस वर्षांची दोस्ती आठ दिवसांत संपते. विधवेला वाटते फसवले, मित्राला वाटते बदनाम केले.

म्हणून पहिल्या दिवशी चार गोष्टी लिहाव्यात. कोणाला बाहेर पडायचे असेल तर किती महिन्यांची सूचना द्यायची. हिश्श्याची किंमत कोणत्या पद्धतीने आणि कोणाकडून ठरवायची. पैसे एकरकमी द्यायचे की हप्त्यांनी. आणि हाती असलेली रक्कम किती खाली आली की कर्ज न काढता हॉटेल बंद करायचे. ही शेवटची अट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. बुडत्या धंद्यात माणूस आशेने घरातले दागिने घालतो. आकडा आधी लिहिलेला असेल तर आशेला लगाम बसतो.

कोणी म्हणेल, इतके भ्यायचे तर व्यापार करूच नये. आमचे म्हणणे तसे नाही. व्यापारात जोखीम आहे म्हणूनच नफा आहे. पण जोखीम आणि बेहिशेब या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांना समुद्रकाठी हॉटेल काढायचेच आहे त्यांनी आधी बांधकाम करू नये, चालू हॉटेल एका हंगामासाठी भाड्याने घ्यावे आणि एक पावसाळा डोळ्यांनी पाहावा. हातातील रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक त्यात घालू नये. दोन वर्षांचा घरखर्च आणि दवाखान्याची रक्कम वेगळी ठेवून मगच धंद्याकडे वळावे. रोजमेळ रोज लिहावा आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिघांनी मिळून वाचावा. घरी बसलेल्या भागीदारालाही त्याची नक्कल जावी.

जे आधीच अडचणीत आहेत त्यांना आमचे सांगणे वेगळे आहे. या पावसाळ्यात हॉटेल बंद ठेवून खर्च थांबवता येतो का, हे मालकाशी बोलून पाहावे. पावसाळ्याचे भाडे अर्धे करून मागायला लाज वाटू नये, कारण मालकालाही रिकामी जागा नको असते. तरीही जमत नसेल तर भट्टी आणि सामान चांगल्या स्थितीत असतानाच एखाद्या स्थानिक तरुणाला चालवायला द्यावे किंवा विकावे. हॉटेल बंद केल्याने अब्रू जात नाही. देणी बुडवली की जाते.

हे सर्व समुद्राबद्दल बोललो, पण आपल्या जिल्ह्यालाही ते तसेच लागू आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग-उमरग्याकडे किंवा तुळजापूर-धाराशिव-येरमाळा रस्त्यावर परतलेली माणसे धाबे काढतात. तेथे पावसाळा आडवा येत नाही, वळणरस्ता येतो. रस्ता चौपदरी झाला, गाड्या गावाबाहेरून गेल्या आणि गावातल्या हॉटेलाची बोणी दुपारपर्यंत होईना, असे घडते. तुळजापुरात नवरात्राची गर्दी पाहून वर्षाचा अंदाज बांधणारा आणि समुद्रकाठी डिसेंबर पाहून वर्षाचा अंदाज बांधणारा, दोघे एकच चूक करतात.

केरळ राज्याने परदेशी गेलेल्या लोकांसाठी १९९६ मध्ये 'नोर्का' हे स्वतंत्र खाते काढले आणि परतणाऱ्यांच्या धंद्यालाही मार्गदर्शन व मदत देण्याची सोय केली. आपल्या जिल्ह्यात निदान एवढे व्हावे, की व्यापारी मंडळींपैकी दोघे-तिघे, एक हिशेबनीस आणि एक वकील यांनी महिन्यातून एक दिवस बसावे आणि परतलेल्या माणसाने अनामत देण्यापूर्वी आपला कागद त्यांना दाखवावा. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक सतरंजी आणि दोन तासांचा वेळ पुरे. आपल्या भाऊबंदांनी वाळवंटात उन्हाखाली मिळवलेला पैसा आहे, तो पाण्यात जाऊ नये म्हणून इतके करणे आपल्याला जड नाही.